फिरतीच्या माणसाची गाडी

आमच्या ठिबक सिंचनाच्या विक्रीच्या लाइनमध्ये नवीन पोरगा रुजू झाला की वर्षभरात त्याचा फोन येतोच. "सर, मोटरसायकलवर आता होत नाही, गाडी घ्यायचीय. सीएनजीच घेऊ ना?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो. एमआर, बियाणं-खतवाले, फायनान्सवाले, पंपवाले, आम्ही ठिबकवाले, ज्यांची भाकरी रस्त्यावर आहे त्या सगळ्यांसाठी.

माझ्याकडे सोलापूर आणि धाराशिव हे दोन जिल्हे आहेत. सांगोल्याची डाळिंबं, पंढरपूरची द्राक्षं, करमाळ्याकडची केळी, आणि मध्ये बार्शी, मोहोळ, अक्कलकोटचे डीलर. महिन्याला ४ हजार किलोमीटरच्या आसपास चाक फिरतं, म्हणजे वर्षाला ४८ हजार. घरगुती गाडी वर्षाला १०-१२ हजार चालते. त्यांची चार वर्षं आपण एका वर्षात संपवतो. म्हणून शोरूममध्ये, नातेवाइकांत, व्हिडिओंत जो सल्ला मिळतो तो बहुतेक आपल्या कामाचा नसतो. तो रविवारी तुळजापूरला जाऊन येणाऱ्यांसाठी असतो.

माझं मत आधीच सांगतो. दिवसाचे पाच-सहा तास ज्या सीटवर जातात ती गाडी चालवायला आवडली पाहिजे, आणि ही चैन नाही. आवडणारी गाडी संध्याकाळी माणसाला कमी दमवते. कमी दमलेला माणूस मोहोळच्या अलीकडे अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली वेळेवर बघतो. मायलेज महत्त्वाचं आहेच, पण ते दुसऱ्या नंबरला.

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय कुणी पुढे वाचणार नाही. आकडे सोपे धरू. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे. डिझेल ९० रुपये लिटर आणि हायवेला २० चं मायलेज, म्हणजे साडेचार रुपये. पेट्रोल १०५ आणि मायलेज १७, म्हणजे ६ रुपयांच्या वर. आपल्या फिरतीला पेट्रोल इथेच मागे पडतं. त्यात आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेजला थोडा फटका बसतोच. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्याला चार पैसे मिळतात हे चांगलंच आहे, पण हिशेब तो हिशेब.

राहिले सीएनजी आणि डिझेल. फरक किलोमीटरला ९० पैशांचा, म्हणजे आपल्याला महिन्याला ३६०० रुपये. ही रक्कम लहान नाही, मी ती लहान म्हणणारही नाही. घराचा हप्ता चालू असलेल्या पोराला ती फार मोठी आहे. तरी मी सीएनजी घेऊ नको म्हणतो, त्याची कारणं ऐका.

६० लिटरच्या सीएनजी टाकीत प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस बसतो. म्हणजे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. करमाळ्याला जाऊन, गावं फिरून परत यायचं तर एका टाकीत भागत नाही. मग एक तर रांगेत उभं राहायचं, नाही तर पेट्रोलवर चालवायचं, आणि पेट्रोलवर चालवली की वाचलेले पैसे तिथेच परत जातात. उन्हात गॅस तापून फुगतो, त्यामुळे मे महिन्यात टाकी आणखी कमी भरते. डिकीचंही तेच. आमच्याकडे सँपलची लॅटरल म्हणजे ठिबकच्या नळ्या, फिल्टर, व्हॉल्व्हची खोकी असतात, मोठ्या टाकीमागे ती बसत नाहीत. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवल्या, नंतर ह्युंदाईनेही तशी सोय आणली, त्यामुळे डिकीचा प्रश्न बराच सुटला. ज्याला सीएनजीच घ्यायची आहे त्याने तरी तशी घ्यावी.

पण माझा खरा आक्षेप ताकदीवर आहे. नवीन डिझायरचं उदाहरण घ्या. गाडी चांगली आहे, क्रॅश टेस्टला पाच स्टार मिळालेत. तिच्या इंजिनाची ताकद पेट्रोलवर ८१ पीएसच्या पुढे आहे, सीएनजीवर ७० च्या जरा आत. कागदावर ११-१२ चा फरक किरकोळ वाटतो. तोच फरक बार्शी रोडला गळीत हंगामात बघा. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, समोरून एसटी, आणि तुमच्याकडे ओव्हरटेकला तेवढीच फट. एसी चालू, डिकीत माल. पाय पूर्ण दाबला तरी गाडी विचार करत बसते. अशा वेळी शहाणा माणूस मागेच राहतो आणि अर्धा तास धूळ खातो. घाईतला माणूस काढतो. मला दोन्ही नको वाटतं.

डिझेलची गंमत इथे आहे. चार मीटरच्या आतल्या दीड लिटर डिझेल गाड्यांचे आकडे बघा. नेक्सॉन ११५ पीएस आणि २६० एनएम, सोनेट-वेन्यू ११६ आणि २५०, महिंद्राची एक्सयूव्ही थ्री एक्स ओ ११७ आणि तब्बल ३००. यातला दुसरा आकडा, म्हणजे टॉर्क, इंजिनाची ओढ, आपल्या कामाचा. तो टॉर्क दीड हजार आरपीएमला हजर असतो, म्हणजे गिअर न पाडता, इंजिन न ओरडता गाडी पुढे जाते. टेंभुर्णीपासून सोलापूरपर्यंत सहाव्या गिअरला इंजिन दोन हजारांच्या आसपास गुणगुणत राहतं. घरी पोचल्यावर कानात आवाज घुमत नाही. ज्याने तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीतून हाच रस्ता रोज केलाय त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

डिझेल म्हटलं की लोक डीपीएफची भीती घालतात. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. अडवलेली काजळी जळून साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात, गरम चालावी लागते. सात रस्ता ते जुळे सोलापूर एवढंच फिरणाऱ्याचा तो तुंबतो. आपण रोज हायवेला असतो, आपल्याला तो त्रास देत नाही. दुसरी भीती दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होण्याची. तो नियम दिल्ली परिसराचा आहे, आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. आणि वर्षाला ४८ हजार चालवणारा माणूस दहा वर्षं एक गाडी ठेवतो कुठे?

किमतीत डिझेल महाग हे खरं. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाडीवर जीएसटी १८ टक्के झाला. आधी सेस धरून ३१ होता. मोठ्या गाड्यांना ४० टक्के आहे. म्हणून क्रेटा कितीही आवडली तरी मी पोरांना चार मीटरच्या आत थांबायला सांगतो. नवी पेठेत आणि टिळक चौकात पार्किंग शोधताना त्याचा फायदा वेगळाच.

आता चालवण्याच्या आनंदाविषयी. माझ्या मते आज सगळ्यात मजा येते ती फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियामध्ये. एक लिटर टर्बो, ११५ पीएस, गाडी रस्त्याला धरून बसते, स्टिअरिंग सरळ हातात बोलतं. कंपनी पेट्रोलचा खर्च बिलावर देत असेल तर डोळे झाकून घ्या. आपल्याला किलोमीटरवर पैसे मिळतात, म्हणून मी तिच्याकडे प्रेमाने बघून पुढे जातो. तशीच पण डिझेलवर चालणारी काही हवी असेल तर अल्ट्रोझ डिझेल बघा. ताकद कमी, ९० पीएस, पण गाडी बुटकी आहे, वळणात झुकत नाही, आणि डिझेल हॅचबॅक आता दुसरी मिळतच नाही.

टेस्ट ड्राइव्ह घेताना शोरूमच्या पोराने दाखवलेली दोन चौकांची चक्कर घेऊ नका. त्याला सांगा, तुळजापूरचा घाट चढून येऊ. नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी वेळ मागा, लाखांचा व्यवहार आहे. घाटात तिसऱ्या गिअरला गाडी कशी ओढते, उतारावर ब्रेक कसा वाटतो, वळणात मागचा भाग शांत राहतो का, हे तिथे कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतरल्यावर दोन मिनिटं उभं राहून आपली कंबर काय म्हणते ते बघा. मांडीखाली सीट पुरते का? क्लच जड आहे का? स्टिअरिंग वर-खालीच होतं की पुढे-मागेही? मागे-पुढे होणारं स्टिअरिंग कितीतरी गाड्यांत नसतं आणि उंच माणसाला खांद्याचा त्रास तिथूनच सुरू होतो. टचस्क्रीन किती इंची आहे हे मी शेवटी बघतो.

सोलापूरच्या उन्हाविषयी वेगळं लिहिलंच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला सहज जातो. अशा गावात काचेच्या मोठ्या छताला, सनरूफला, लोक जास्तीचे पैसे मोजतात हे मला अजिबात पटत नाही. डोक्यावर काच घेऊन एसीला राबवायचं कशाला? तेच पैसे हवेशीर सीटला द्या, पाठ ओली राहणार नाही. रंग पांढरा किंवा चंदेरी. काचेवर काळी फिल्म नको, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली आहे. आणि टायर! उन्हाळ्यात हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. जुनी गाडी घेताना नक्षी कितीही छान दिसली तरी आधी ते वाचा.

वॉरंटीचा मुद्दा कुणी सांगत नाही, आणि आपल्यासाठी तो फार मोठा आहे. 'तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर' लिहिलं असेल तर आपली वॉरंटी सव्वादोन वर्षांच्या आतच संपते. मारुतीची तशी आहे. ह्युंदाई आणि किया तीन वर्षांना किलोमीटरची मर्यादा घालत नाहीत. आपल्या फिरतीत हा फरक काही हजारांचा नाही, एखाद्या मोठ्या पार्टचा आहे. दर १० हजारांना सर्व्हिस असेल तर अडीच महिन्यांनी गाडी वर्कशॉपला जाणार, तेव्हा सोलापुरात त्या कंपनीचं वर्कशॉप कसं काम करतं हे शोरूमला नाही, बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारा.

इलेक्ट्रिकचं मला मनापासून कौतुक आहे. ज्याची फिरती दिवसाला दीडशे-दोनशेच्या आत आहे, रोज रात्री घरी येतो आणि घरी स्वतःचं पार्किंग आहे, त्याने सीएनजी आणि डिझेल दोन्ही विसरावं. खर्च किलोमीटरला दीड-दोन रुपयांत येतो आणि चालवायला इतकी मऊ गाडी दुसरी नाही. माझा मुक्काम आठवड्यातून कधी कुर्डुवाडी, कधी करमाळा, कधी भूम. तिथल्या लॉजवर रात्री गाडीला वायर लावायची सोय नाही. ज्या दिवशी ती होईल त्या दिवशी मी रांगेत पहिला असेन.

नाव सांगाच म्हणाल तर आज, नवीन, फिरतीसाठी: थ्री एक्स ओ डिझेल मॅन्युअल, मधलं मॉडेल. भारत एनकॅप या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार, ३०० एनएम, आणि खराब रस्त्यावर सस्पेन्शन पोटातलं पाणी हलू देत नाही. नेक्सॉनलाही पाच स्टार आहेत आणि तिची डिकी जरा मोठी, माल जास्त नेणाऱ्याने ती घ्यावी. गिअर बदलायचा कंटाळा असेल तर सोनेटचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक चालवून बघा.

शेवटी एक विनंती, आणि ती पोरांना नाही, त्यांच्या साहेबांना आहे. बऱ्याच कंपन्यांत किलोमीटरचा दर एकदा ठरला की वर्षानुवर्षं हलत नाही. डिझेल वाढतं, टायर वाढतात, दर तोच. मग पोरगा त्या दरात बसेल अशी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात हलकी गाडी घेतो आणि तुमच्याच टार्गेटसाठी रात्री दहाला दोन पदरी रस्त्यावर ट्रॉल्यांच्या मधून ती चालवतो. हा दर वर्षातून दोनदा तरी इंधनाच्या भावाशी ताडून बघा. आणि दोनशे किलोमीटरवर असलेल्या माणसाला रात्री परत यायला लावू नका, मुक्कामाचं बिल मंजूर करा.