मारुती ८०० गरम झाली त्याबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

भाऊ, नमस्कार. तुम्ही एक स्टार दिला. शेगावला दर्शनाला जाताना मे महिन्याच्या उन्हात गाडी गरम झाली, आम्ही दीड तास नुसतं बसवून ठेवलं, "पाणी टाकून द्या" म्हटलं तर गॅरेजमधल्या पोरानं ऐकलं नाही, वरून न विचारता पार्ट बदलून १,७०० रुपये घेतले, असं तुम्ही लिहिलं आहे.

न विचारता थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे गार व्हायला सोडणारा पार्ट) बदलला, ही आमची चूकच. मी सामान आणायला अकोल्याला गेलो होतो, तरी पोरानं मला फोन करून तुमच्याशी बोलणं करून द्यायला पाहिजे होतं. मजुरीचे ९०० रुपये परत करतो. आणि तुमच्यासोबतच्या आजी दीड तास टिनाखाली बसल्या, हे वाचून जीव कळवळला. गॅरेजच्या मागंच आमचं घर आहे, कूलर चालू होता. त्यांना आत न्यायचं कोणाला सुचलं नाही, याची मला लाज वाटते.

पण तो दीड तास मी असतो तरी लागलाच असता. झाकण बंद असताना रेडिएटरमध्ये दाब असतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि तेच पाणी वाफ होऊन अंगावर येतं. मी शिकाऊ असताना हीच घाई केली होती; उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग अजून आहे. म्हणून रेडिएटरचा वरचा रबरी होज पाइप हाताला सोसेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हा आमच्याकडे नियम आहे. शिवाय या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचा भाग, बिडाचा आणि त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर दोन्ही धातू सारखे आकसत नाहीत, हेड वाकतं, दोन्हींच्या मधलं गॅस्केट जातं, पाणी ऑइलमध्ये उतरतं. मग हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवावं लागतं. पोरानं हे तुम्हाला नीट समजावून सांगितलं नाही, तेवढं मी त्याला बोललो आहे.

थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो. तुमचा पोरानं पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकून पाहिला, तरी उघडला नाही. त्यावर पांढरा थर बसलाय, रेडिएटरच्या नळ्यांतही तेच. घरच्या बोअरचं पाणी टाकत होतो, असं तुम्हीच पोराला सांगितलं होतं. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, हा आपला सगळा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. जे पाणी आपण पिऊ शकत नाही, पिकाला द्यायलाही दहादा विचार करतो, ते गाडीत सर्रास ओततो. दरवर्षी उन्हाळ्यात अशा कितीतरी गाड्या माझ्याकडे येतात आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण कूलंट आणि डिस्टिल्ड पाण्याला फार पैसे लागत नाहीत.

रस्त्यात पुन्हा तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, गाडी सावलीत घ्या. वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद करा.

जुना थर्मोस्टॅट जपून ठेवला आहे. रविवार सोडून कधीही या, तुमच्यासमोर पुन्हा उकळून दाखवतो. पैसे पाठवायला नंबर तेवढा कळवा.