‘हात दुखेपर्यंत रेखाटा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

चित्रकला शिकू लागलेल्यांमध्ये एक मजकूर बराच काळ मोठ्या भक्तिभावाने पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: दहा हजार तासांचा सराव भरल्याशिवाय कोणी चित्रकार होत नाही, म्हणून रोज आठ-दहा तास रेखाटत राहा, समोर संदर्भ ठेवू नका आणि कोणाच्या चित्राची नक्कल करू नका, खोडरबर आणि मोजमाप हे कच्च्या हाताचे आधार आहेत, ते टाळा, तंत्राच्या फार नादी लागल्यास स्वतःची शैली मरते, हात दुखू लागला की प्रगती सुरू झाली असे समजा, आणि झोप कमी झाली तरी चालेल, पण एकही दिवस चुकवू नका. मजकुरात मेहनतीचा गौरव असल्यामुळे त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही, आणि घेतलीच तर हरकत घेणारा आळशी ठरतो. तरीही ती घेणे आवश्यक आहे. किती वेळ बसलो याचा हिशेब या सल्ल्यात आहे. त्या वेळात काय पाहिले, काय तपासले आणि काय दुरुस्त केले याचा नाही. शिवाय ज्या हाताने, डोळ्यांनी आणि मानेने हे सारे करायचे, त्यांची त्यात दखलच नाही.

सुरुवात त्या दहा हजारांपासून करू. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून आला आहे. तो अभ्यास बर्लिनमध्ये व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा होता. चित्रकारांशी त्याचा संबंध नव्हता. सर्वोत्तम ठरलेल्या गटाने वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी दहा हजार तासांच्या घरात निघाली. ती सरासरी होती, किमान अट नव्हे. त्या गटातील निम्म्या जणांचे तेवढे तास त्या वयापर्यंत झालेलेही नव्हते. २००८ मध्ये एका खपाऊ इंग्रजी पुस्तकाने या सरासरीचा नियम करून टाकला आणि पुढे खुद्द एरिक्सन यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. मजकूर लिहिणाऱ्याने त्याच अभ्यासातील बाकीचे निष्कर्ष वाचले असते, तर त्याची पंचाईत झाली असती. हे उत्तम वादक एकट्याने दिवसाला साधारण साडेतीन तास सराव करत, तोही सुमारे दीड तासाच्या सत्रांमध्ये, मध्ये विश्रांती घेऊन. आणि मागे राहिलेल्या गटापेक्षा त्यांची झोप, दुपारची डुलकी धरून, जास्त होती.

एरिक्सन ज्या सरावाविषयी बोलत होते, त्यात एक उणीव निवडायची, तिच्यावर काम करायचे, परिणाम लगेच तपासायचा आणि बदल करून पुन्हा करायचे, असा क्रम असतो. रेखाटनात तो कसा दिसतो, हे साध्या कपावरून पाहता येईल. नवशिका कपाचे तोंड काढतो तेव्हा लंबवर्तुळाच्या दोन्ही बाजूंना टोके येतात, आणि तळ तो सरळ आडव्या रेषेने काढतो, कारण कप टेबलावर सपाट बसलेला आहे हे त्याला ठाऊक असते. प्रत्यक्षात लंबवर्तुळ कितीही अरुंद असले तरी त्याच्या बाजूंना वळणच असते. आणि कप डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर तळाची कड तोंडापेक्षा अधिक खाली असल्यामुळे तिचे वळण तोंडाच्या वळणापेक्षा अधिक फुगीर दिसते. हे न तपासता दोनशे कप काढले, तर तीच चूक दोनशे वेळा होते आणि हाताच्या अंगवळणी पडते. त्याऐवजी एकच कप घ्यावा, न दिसणाऱ्या मागच्या कडेसह तोंडाचे आणि तळाचे पूर्ण लंबवर्तुळ फिकट रेषेने काढावे, मधून उभा अक्ष टाकून डावी-उजवी बाजू जुळते का ते पाहावे, चित्र उलटे धरून किंवा आरशात पाहून तिरकेपणा शोधावा, आणि मग खुर्चीवरून उठून, उभे राहून, तोच कप पुन्हा काढावा. हे पाऊण तासाचे काम आहे आणि नीट केले तर ते चांगलेच दमवते. दमलेल्या डोक्याने पुढचे सहा तास बसणाऱ्याचे फक्त कागद भरतात.

संदर्भ पाहू नये आणि नक्कल करू नये, हा मुद्दा चित्रकलेच्या इतिहासाशीच विसंगत आहे. रुबेन्स १६२८ मध्ये माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर नावाजलेला चित्रकार होता. तिथे बसून त्याने राजसंग्रहातील तिशियनच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. एदगार देगाने १८५३ मध्ये लूव्र संग्रहालयात प्रतिकृती करण्यासाठी नाव नोंदवले. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार व्हायचे ठरवल्यावर शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या रेखाटनाच्या अभ्यासपाठातील चित्रे एकामागून एक उतरवून काढली, आणि १८९० मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, बार्गचाच कोळशाच्या रेखाटनांचा संच नक्कल करण्यासाठी भावाकडे पुन्हा मागितला. ज्याची शैली लहान मूलही ओळखेल, अशा माणसाची ही हकीकत आहे.

येथे एक भेद मात्र करायला हवा. पारदर्शक कागद ठेवून चित्र गिरवताना हात बाह्यरेषेमागून चालत जातो; कोणता कोन किती, कोणती लांबी कशाच्या निम्मी, हे निर्णय घ्यावेच लागत नाहीत, म्हणून त्यातून शिकणेही फारसे होत नाही. तेच चित्र शेजारी ठेवून नजरेने उतरवताना असे शेकडो निर्णय घ्यावे लागतात. छायाचित्रांबाबतही सावध राहावे: जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक मोठे आणि कान मागे सरकलेले दिसतात, आणि सावल्यांमधले बारीक फरक काळ्यात बुडून जातात, त्यामुळे केवळ छायाचित्रांवर वाढलेल्या विद्यार्थ्याच्या चित्रातही ते दोष जसेच्या तसे उतरतात. समोर खरी वस्तू ठेवून काढणे त्यासाठीच अटळ आहे. कल्पनेतून काढण्याची क्षमताही याच पाहण्यातून येते. वस्तू दोन मिनिटे न्याहाळावी, झाकावी, आठवणीतून काढावी आणि मग झाकण काढून ताडून पाहावी. आपल्याला काय ठाऊक नव्हते, हे स्मरणचित्राइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही. (अभ्यासासाठी केलेल्या प्रतिकृतीखाली मूळ चित्रकाराचे नाव लिहावे. ते न लिहिता ती स्वतःची म्हणून मिरवणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि मजकुराचा राग बहुधा त्याच्यावर असावा.)

मोजमापाला कमी लेखणाऱ्यांनी जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीच्या ग्रंथातील चित्रे पाहावीत. यथादर्शन, म्हणजे जवळ-दूरचा दिसणारा फरक, अचूक साधण्यासाठी चौकटी आणि दोरे लावून बसलेले चित्रकार त्यात दाखवले आहेत. व्हॅन गॉगनेही १८८२ मध्ये अशी चौकट स्वतःसाठी बनवून घेतली होती. रोजच्या कामाला तर एक पेन्सिल पुरते: हात कोपरात न वाकवता पूर्ण ताणायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत समोरच्या माणसाच्या डोक्याची उंची धरायची आणि ती पूर्ण शरीरात किती वेळा बसते ते मोजायचे. प्रौढ व्यक्तीत ती साधारण सात ते साडेसात वेळा बसते. नुसत्या अंदाजावर काढलेल्या चेहऱ्यात डोळे बहुतेक वेळा कपाळाकडे सरकलेले असतात, कारण आपले लक्ष नाकाडोळ्यांकडे असते आणि कवटीचा वरचा भाग आपण हिशेबातच धरत नाही. प्रत्यक्षात डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर असतात. असे मोजत गेल्यानेच नजरेचा अंदाज पुढे भरवशाचा होतो. खोडरबराविषयीच्या सल्ल्यात मात्र थोडे तथ्य आहे. एक-दोन मिनिटांची जलद रेखाटने पेनाने केली तर खोडत बसण्याची सवय मोडते. पण कोळशाच्या चित्रात मऊ खोडरबराने उजेड ‘काढला’ जातो. तिथे ते पेन्सिलीइतकेच चित्र काढण्याचे साधन असते.

तंत्राने शैली मरते, या विधानावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ज्याला डोळे नेहमी एकाच पद्धतीने काढता येतात, त्याच्यापाशी निवड करायला दुसरा पर्याय नसतो, आणि तरीही त्या मर्यादेलाच अनेकदा शैली म्हटले जाते.

हात दुखणे म्हणजे प्रगती, हा मुद्दा या सगळ्यात सर्वांत घातक आहे. तो व्यायामशाळेतून उचललेला दिसतो. व्यायामानंतर स्नायू दुखतात आणि दोन-तीन दिवसांत सावरतात. मनगटातील स्नायुबंध (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोरे) आणि नसा यांचे तसे नसते, त्या सतत घासल्या किंवा दाबल्या गेल्या तर बळकट होत नाहीत, सुजतात. अंगठ्याच्या बाजूला मनगटात कळ येत असेल आणि पेन्सिल चिमटीत धरताना ती वाढत असेल, तर ते स्विस शल्यविशारद द कर्व्हेन यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेले स्नायुबंधाच्या आवरणाचे दुखणे असू शकते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री त्यामुळे जाग येत असेल, तर मनगटातून जाणारी मधली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. करंगळी बधिर होत असेल, तर टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसण्याची सवय तपासावी. यातले काहीही विश्रांतीनंतर टिकून राहिले किंवा परत परत होऊ लागले, तर डॉक्टरांकडे जावे. मिकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात सिस्टाइन चॅपेलचे छत रंगवताना मान आणि पाठ कशी पिळवटून निघाली यावर एक कविता लिहिली आणि शेजारी वर हात केलेल्या स्वतःचे व्यंग्यचित्रही काढले. ती कविता तक्रारीची आहे. दुखते म्हणून चित्र चांगले होते, असा दावा त्यानेही केला नाही.

दुखणे टाळण्याचे उपाय आणि चांगल्या रेषेचे तंत्र हे बहुतांशी एकच आहे, हे या मजकुराच्या लेखकाच्या लक्षातच आलेले नाही. मनगट कागदावर टेकवून वीतभर लांबीची रेषा ओढून पाहावी. मनगट जागेवर फिरत असल्यामुळे ती कमानीसारखी वाकते, आणि ती सरळ ठेवण्याच्या प्रयत्नात बोटे आवळली जातात. तीच रेषा मनगट उचलून, करंगळीचे नख कागदावरून अलगद सरकवत, खांद्यातून ओढली तर सरळही येते आणि बोटेही सैल राहतात. बारीक तपशिलासाठी बोटे-मनगट, मोठ्या आकारासाठी कोपर-खांदा, ही विभागणी पहिल्यापासून शिकवली गेली पाहिजे. गडद छटेसाठी एचबी पेन्सिल जोराने दाबणाऱ्यांनी तिच्यापेक्षा मऊ आणि गडद ४बी किंवा ६बी हाती घ्यावी. छटा मिळते, कागदावर चर पडत नाहीत आणि अंगठाही वाचतो. टेबलावर सपाट ठेवलेल्या कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून दूर आणि आखूड दिसतो, त्यामुळे तिथे काढलेली आकृती कागद उभा धरल्यावर लांबट झालेली आढळते. मागे दोन जाड पुस्तके ठेवून फळा तिरका केला की प्रमाणही सुधारते आणि मान खाली घालून बसणेही थांबते. टॅब्लेटवर काम करणाऱ्यांना हेच लागू आहे, शिवाय त्यांना डोळ्यांचीही काळजी घ्यावी लागते. पडद्याकडे टक लावल्यावर पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा लक्षात ठेवायला सोपा नियम पाळावा. त्या २० सेकंदांनंतर चित्राकडे परत वळलेली नजर चूकही लवकर पकडते.

उरला एकही दिवस न चुकवण्याचा आणि झोप कापण्याचा मुद्दा. नियमितपणाबाबत मजकूर बरोबर आहे. थोडा थोडा, अंतर ठेवून केलेला अभ्यास एका दमात केलेल्या अभ्यासापेक्षा अधिक टिकतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसच्या स्मृतीवरील कामापासून, म्हणजे १८८५ पासून, पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. रोजचा अर्धा तास आठवड्यातून एकदा काढलेल्या लांबलचक बैठकीपेक्षा बरा, तो याच कारणाने. पण त्याच तर्काने झोपेला हात लावता येत नाही, कारण दोन सत्रांमधल्या काळातच शिकलेले मुरते; बोटांच्या हालचालींवरील काही प्रयोगांत तर मधे कोणताही सराव न करता, केवळ रात्रीच्या झोपेनंतर, कामगिरी सुधारलेली आढळली आहे. आणि दिवस चुकल्याने हात बिघडत नाही. दुखण्यामुळे दोन आठवडे पेन्सिल बाजूला ठेवावी लागली, तर त्या काळात पाहण्याचा सराव चालू ठेवता येतो: सावलीची कड कुठे तीव्र आहे आणि कुठे विरते, खुर्चीच्या पायांमधल्या मोकळ्या जागेचा आकार कसा आहे, समोरच्या माणसाचे खांदे कोणत्या बाजूला कलले आहेत. परतल्यावर पहिले काही दिवस दहा-पंधरा मिनिटांची सत्रे घ्यावीत, मोठ्या कागदावर, खांद्यातून ओढलेल्या रेषांनी. जुनी कळ जाणवू लागली तर त्या दिवशी तिथेच थांबावे आणि दुसऱ्या दिवशी सत्र आणखी लहान करावे.