पाच पोरं, एक ट्रेडमार्क

गोव्यात पैसा जिरवायला जमीन मिळेनाशी झाली असेल तर पॉप ग्रुप काढा. पोरं पाचच घ्या. सहावा फोटोत कडेला कापला जातो आणि रात्री त्याच्या आईचा फोन येतो.

निवडताना गळ्याच्या भानगडीत पडू नका. फोंडा-डिचोलीकडची, लहानपणापासून भजनाला बसलेली मुलगी आली तर गोड बोलून वाटेला लावा. तिला सूर कळतो. स्टुडिओत ऑटोट्यूनने, म्हणजे बेसूर गळा सुरात आणणाऱ्या सॉफ्टवेअरने, काय केलंत तेही कळेल, वर स्टेजवर माईक चालू ठेवा म्हणेल. माईक बंदच ठेवायचा असतो. म्हणून पहिला खर्च लॅपटॉप आणि मिक्सरच्या यूपीएसवर करा. वीज गेली की आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक थांबतो, पोरांची तोंडं थांबत नाहीत. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद, हा नियम मात्र तुमच्या पथ्यावर पडणारा. वन्स मोअर मागायला वेळच उरत नाही.

तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो, जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. उतरू दे. ट्रॅकमधला फुटत नाही. पोर्तो रिकोत १९७७ साली निघालेल्या ‘मेनुदो’ या पोरांच्या ग्रुपने तर वयाचाच बंदोबस्त केला होता: पोरगा सोळाच्या आसपास आला की घरी, त्याच्या जागी नवा.

खरी कला करारात. अठराखालच्या पोराची सही १८७२च्या करार कायद्यापुढे टिकत नाही, म्हणून आईबाबांना गाठा. तेही चतुर्थीच्या तोंडावर. घराला रंग काढायचा असतो, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान आणायचं असतं, चेक बघून शेवटचं पान कुणी वाचत नाही. रॉयल्टी दहा टक्के लिहा, पाच जणांत मिळून. गाणी, व्हिडिओ, कपडे, नाचाचे मास्तर यांचे दहा लाख पोरांच्या नावे उचल म्हणून टाका आणि ती त्यांच्याच दहा टक्क्यांतून वळती करा. म्हणजे एक कोटी जमा होईपर्यंत पोरांच्या हातात दमडी नाही, आणि तुमचे नव्वद लाख केव्हाच घरी. अधाशीपणा तेवढा नको. अमेरिकेतला ‘बॅकस्ट्रीट बॉइज’ ग्रुप उभा करणारा लू पर्लमन स्वतःला सहावा सदस्य धरून वाटा घेत होता. पोरांनी कोर्टात खेचलं. (तुरुंगवासाची शिक्षा त्याला झाली २००८ मध्ये, ती पॉन्झी घोटाळ्यात, म्हणजे नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा देण्याच्या फसवणुकीत. पोरांना नाडण्याला तेवढी शिक्षा नसते.)

फूट पडायची ती पडणारच, खर्चात धरून ठेवा. २००२ मध्ये चॅनल व्हीच्या स्पर्धेतून पाच मुलींचा ‘विवा’ निघाला. महुआ कामत बाहेर पडली, चौघी उरल्या, काही वर्षांत ग्रुपही उरला नाही. तुमच्याकडे रुसवेफुगवे इन्स्टाच्या फॉलोअर्सवरून सुरू होतील आणि दहावीची परीक्षा आईबाबांना अचानक आठवेल. अडवू नका, ‘शिक्षणासाठी विश्रांती’ असं पत्रक काढा.

नाव मात्र पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावावर ट्रेडमार्क म्हणून वर्ग ४१ मध्ये, म्हणजे करमणुकीच्या वर्गात, नोंदवा. पस्तिशीला आलेली पाच जणं पुन्हा एकत्र गायचं म्हणतील तेव्हा त्या नावाची परवानगी मागायला तुमच्याच दारात येतील. नूतनीकरण दर १० वर्षांनी असतं, फी वेळेवर भरा.