समुद्र कप्तानावर सोडावा

क्रूझच्या प्रत्येक माहितीपत्रकावर एक जोडपे असते. ते कठड्याला रेलून सूर्यास्त पाहत असते आणि आपली केबिन कोणत्या डेकवर आहे, या विवंचनेचा मागमूसही त्याच्या चेहऱ्यावर नसतो. असे जोडपे मला जहाजावर अद्याप भेटलेले नाही. जी भेटतात ती लांबच लांब बोळात, दोन्ही बाजूंच्या एकसारख्या दारांमध्ये उभी राहून, जहाजाचे तोंड नक्की कोणत्या दिशेला आहे यावर दबक्या आवाजात वाद घालत असतात. क्रूझला निघण्यापूर्वी माणसे वादळाची, लाटांची आणि बुडण्याची चर्चा करतात, याचे मला नवल वाटते. समुद्राची काळजी वाहण्यासाठी कप्तान नेमलेला असतो आणि त्याला त्याचा पगार मिळतो. उरलेल्या सगळ्या गोष्टींची काळजी मात्र प्रवाशालाच वाहावी लागते, आणि तीही स्वतःच्या पैशाने.

पहिली परीक्षा बंदरावरच होते. मोठ्या बॅगा तेथे चिठ्ठी बांधून ताब्यात घेतल्या जातात आणि त्या केबिनच्या दाराशी पोहोचायला कित्येकदा संध्याकाळ होते. म्हणून पासपोर्ट, औषधे, चष्मा, चार्जर आणि एक हलका कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच ठेवावा. ज्यांना हे ठाऊक नसते ते पहिल्या दुपारी चटकन ओळखू येतात. पोहण्याच्या तलावाकाठी, उघड्याबोडक्या आनंदी जनसमुदायात, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पट्टा आणि पायमोजे अशा जामानिम्यात घाम पुसत बसलेले एक गृहस्थ मी पाहिले आहेत. कोणाच्या तरी विभागीय बैठकीची वेळ होण्याची ते वाट पाहत असावेत, असे वाटत होते.

केबिनची निवड करताना लोक उंचावरची, अगदी पुढच्या टोकाची बाल्कनी मागतात. मला बोट लागते, त्यामुळे मी या विषयाचा नाइलाजाने अभ्यास केला आहे. जहाज पुढेमागे झोके घेते तेव्हा टोके सर्वांत जास्त वरखाली होतात आणि ते कलते तेव्हा वरचे मजले सर्वांत जास्त हेलकावतात. पोटाचा विचार करणाऱ्याने म्हणूनच खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते, म्हणजे अधिक पैसे मोजून अधिक मळमळ विकत घेण्याची सोय येथे अधिकृतपणे उपलब्ध आहे. बोट लागण्यावरची गोळी मळमळ सुरू होण्यापूर्वी, डॉक्टरांना विचारून घ्यावी. नंतर घेतलेली गोळी पोटात टिकेलच, याची शाश्वती नसते. त्यानंतर उघड्या डेकवर जाऊन नजर क्षितिजावर ठेवावी आणि त्या वेळात पुस्तक वाचण्याचा हट्ट करू नये.

केबिनचा नकाशा पाहताना डोक्यावर काय आहे, हेही तपासावे. वर दुसऱ्या केबिन असतील तर उत्तम. वर तलावाचा डेक असेल, तर पहाटेच्या अंधारात लोखंडी खुर्च्या एकेक करून ओढल्या जाण्याचा जो आवाज येतो, त्याला माहितीपत्रकात ‘समुद्राची गाज’ असे म्हटलेले असते, अशी माझी खात्री झाली आहे. खिडकी नसलेली आतली केबिन घेतली, तर दिवा मालवल्यावर असा काळोख होतो की दुपारच्या झोपेतून उठून माणूस दात घासू लागतो. अनेक जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर पुढच्या कॅमेऱ्यातले दृश्य चालू असते. तिचा आवाज बंद करून ती रात्रभर लावून ठेवावी, म्हणजे बिनखिडकीच्या केबिनला फुकटात उजाडते.

केबिनमध्ये एका वेळी एकच माणूस हालचाल करू शकतो. दुसऱ्याने तेवढा वेळ पलंगावर पाय वर घेऊन बसायचे असते. रिकाम्या बॅगा पलंगाखाली ढकलाव्यात. भिंती बहुतेक पोलादी असल्याने चार लोहचुंबकी आकडे नेले, तर टोप्या, ओले कपडे आणि रोजचे कार्यक्रमपत्रक टांगण्याची व्यवस्था होते. विजेच्या सॉकेटांचा दुष्काळ असतो, पण म्हणून घरचा एक्स्टेंशन बोर्ड, इस्त्री किंवा किटली नेऊ नये. जहाजावर सर्वांत मोठे भय आगीचे असते आणि तपासणीत या वस्तू जप्त होऊन अखेरच्या दिवशी परत मिळतात. न्हाणीघराबद्दल एवढेच सांगतो की, आंघोळ करताना तेथील पडदा आपल्याला मिठी मारतो. आणि शौचकूपाचे बटण उठून, झाकण लावून मगच दाबावे, कारण हवेच्या ओढीवर चालणारी ती यंत्रणा जो हुंकार देते त्याने धीराची माणसेही दचकतात.

सुरक्षेच्या कवायतीला मात्र नाक मुरडू नये. सात आखूड आणि एक लांब भोंगा ऐकू आला की आपण कोठे जमायचे आहे, हे त्यात समजते. 2012 च्या जानेवारीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळली आणि 32 माणसे गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमानुसार ती 24 तासांत घेतली तरी चालत असे. 2015 पासून ती निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते. सौ. त्या वेळी मला एका हाताने घट्ट धरून ठेवते. मी बुफेकडे सटकेन, असा तिचा समज आहे.

बुफेचा विषय निघालाच आहे, तर तेथे शिरण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. उलट्या-जुलाबांचा जो नोरोव्हायरस जहाजावर भराभर पसरतो, तो हाताला चोळण्याच्या सॅनिटायझरला फारशी भीक घालत नाही. खाण्याच्या प्रमाणाबद्दल मी काही सांगणार नाही. तो उपदेश बुफेच्या दारातच विरघळून जातो.

खरा शत्रू घड्याळ. जहाज स्वतःच्या वेळेवर चालते आणि ती बंदरातल्या वेळेशी जुळेलच असे नाही. मोबाइल मात्र किनाऱ्यावरचे जाळे मिळताच आपली वेळ परस्पर बदलून घेतो. त्यासाठी साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावावे आणि मोबाइल विमानाच्या मोडवरच ठेवावा. भर समुद्रात तो जहाजाच्या नेटवर्कला चिकटला तर येणारे बिल पाहूनही बोट लागते. परतण्याची ठरलेली वेळ जहाज सुटण्याच्या वेळेपेक्षा आधीची असते आणि ती गांभीर्याने घ्यावी. जहाजाच्या स्वतःच्या सहलीवर गेलेल्यांसाठी ते सहसा थांबते, स्वतंत्र भटकणाऱ्यांसाठी थांबेलच असे नाही. धक्क्यावरून पिशव्या सांभाळत धावणाऱ्या अशा कुटुंबांना वरच्या डेकवरून शेकडो लोक टाळ्या वाजवून प्रोत्साहन देतात. जहाजावरील सर्व करमणुकींमध्ये हीच मला सर्वांत लोकप्रिय वाटली.

रोख पैसे जहाजावर लागत नाहीत. केबिन उघडणारे कार्डच सगळीकडे चालते आणि ते दाखवताना खिशातून काही गेल्यासारखे मुळीच वाटत नाही. ते वाटणे व्यवस्थापनाने शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवलेले असते. अनेक कंपन्या दररोजची टीपही परस्पर त्याच खात्यात चढवतात, म्हणून हिशेब अधूनमधून पाहत जावा.

त्याच शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या एकदम बंदरावरच परत भेटतात. सकाळी घालायचे कपडे त्यापूर्वी बाहेर काढावेत, हे सर्वांना कळते. पण बुटांचा विसर पडणाऱ्यांची संख्या लक्षणीय असावी, कारण जहाजावरून उतरणाऱ्या रांगेत कडक इस्त्रीच्या पँटखाली केबिनमधल्या पांढऱ्या सपाता घातलेले, आणि कोणाच्याही नजरेला नजर न देणारे, एखादे तरी सद्गृहस्थ असतातच.