कासव परत घेणारं दार आधी हवं

परदेशी कासवं, इग्वाना, अजगर पाळण्याचा विषय नागपुरात निघाला की दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, सरसकट बंदी घाला. दुसरं म्हणतं, नोंदणीचा नियम झालाच आहे, तो राबवा. अमेरिकेतल्या फ्लोरिडात सोडून दिलेले अजगर रानात वाढले आहेत, त्यामुळे तिथे राहणाऱ्याला या दोन्ही उपायांचं पुढे काय होतं ते दिसतं. दोन्हींत एकच प्रश्न राहून गेला आहे: नकोसा झालेला प्राणी माणसाने न्यायचा कुठे?

आधी नोंदणी. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद सक्तीची केली. पण ती अनुसूची ४ मधल्या, म्हणजे साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या प्राण्यांची. हिरवा इग्वाना आणि बॉल पायथन त्यात येतात. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं रेड-इअर्ड स्लायडर कासव त्या यादीत नाही. तलावात सोडलं जाण्याचा धोका ज्याचा सर्वांत मोठा, तेच नोंदणीतून सुटतं. याच कायद्याचं कलम ६२-अ आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणं रोखण्याचा अधिकार केंद्राला देतं. स्लायडरसाठी तेच वापरायला हवं.

हे कासव सोडलं का जातं, ते साधं आहे. पिल्लू तळहातावर मावतं आणि स्वस्त मिळतं. मादीची पाठ पुढे २५ ते ३० सेंटीमीटर होते, आयुष्य तीस वर्षांच्या घरात जातं. तिला किमान ३०० ते ४०० लिटर पाणी, दमदार फिल्टर, ३२ ते ३५ अंशांची कोरडी शेकायची जागा आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा लागतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. नुसत्या सुक्या झिंग्यांवर ठेवलं की अ जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात, कॅल्शियमअभावी कवच मऊ पडतं. टाकी वास मारू लागते आणि कोणीतरी सुचवतं, फुटाळा तलावात सोडा, पुण्य लागेल. यात क्रूरपणा नसतो, म्हणूनच नुसत्या दंडाच्या भीतीने हे थांबणार नाही.

नागपूरचं ऊन तर या कासवाच्या पथ्यावरच पडतं. अंडी ३१ अंशांच्या वर उबली तर जवळपास सगळ्या माद्याच निघतात, आणि मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते. अंबाझरी तलावाचं पाणी २३ सप्टेंबर २०२३ ला शहरात कसं शिरलं ते सर्वांना आठवत असेल. तलावात सोडलेलं कासव तलावातच राहील याची खात्री नाही. नाग नदी कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. तिथल्या आपल्या कासवांशी ते खाणं आणि उन्हाची जागा यांसाठी भांडतं, सोबत रोगही नेतं.

युरोपने १९९७ मध्ये फक्त रेड-इअर्ड या एका उपप्रजातीची आयात थांबवली. व्यापारी लगेच पिवळ्या पोटाच्या स्लायडरकडे वळले. शेवटी २०१६ मध्ये स्लायडरची सगळी प्रजातीच बंदीच्या यादीत घालावी लागली. फ्लोरिडात बिनशिक्षा प्राणी जमा करण्याची योजना २००६ पासून आहे. वन्यजीव खातं तो प्राणी आधीच पारखून ठेवलेल्या पालकाला देतं. मात्र बर्मी अजगर तिथल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशात वाढतोय हे त्याआधीच, २००० च्या सुमारास, मान्य झालं होतं. दार फार उशिरा उघडलं. मला सर्वांत पटतो तो जपानचा नियम: १ जून २०२३ पासून स्लायडरची खरेदी-विक्री आणि सोडणं गुन्हा, पण घरात असलेलं पाळायला आणि फुकट दुसऱ्याला द्यायला मुभा. बाळगण्यावरच बंदी आली असती तर लोकांनी रातोरात तळी भरली असती, हे त्यांनी ओळखलं.

नागपुरात सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जखमी वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र, आहे. पण जखमी देशी प्राण्यांच्या शेजारी ही कासवं ठेवू नयेत. वेगळं तळं, वेगळी जाळी आणि बादल्या, सांडपाणी थेट गटारात, नव्या कासवाला किमान महिनाभर अलग. भोवती अर्धा मीटर उंच गुळगुळीत भिंत, वरची कड आत वळलेली, पाया जमिनीत खोल, कारण ही कासवं चढतातही आणि उकरतातही. नर-मादी वेगळे ठेवायचे. तरी मादी अंडी घालेलच. ती शोधून नष्ट करायचं काम कोणाचं, हे आधीच लिहून ठेवावं. जागा भरली आणि पालक मिळाले नाहीत तर पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण द्यावं लागेल. हे बोलायला जड जातं, पण न बोलता योजना सुरू केली तर वर्षभरात दार बंद होतं. घरी फ्रीझरमध्ये ठेवणं हा मात्र उपाय नव्हे, त्यात प्राण्याचे हाल होतात.

प्राणी जमा करण्याचा दिवस फेब्रुवारीत ठेवावा. मे महिन्यात उभ्या गाडीत कासव काही मिनिटांत मरू शकतं, डिसेंबरच्या पहाटे गारठतं. आणताना पाण्याची बादली नको. भोकं पाडलेला खोका, तळाशी ओला टॉवेल, एका खोक्यात एकच कासव. दारात नाव-पत्ता विचारू नये. वय, खाणं आणि कुठून घेतलं एवढंच लिहून घ्यावं. विक्री कुठे चालते, हे त्या तिसऱ्या उत्तरातूनच वनविभागाला कळेल.