एलसीचे नियम एक, कायदे अनेक: भोसरीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट) म्हणजे अटींप्रमाणे कागद दिले की विक्रेत्याला पैसे देण्याचं खरेदीदाराच्या बँकेचं वचन. त्यावरच्या माझ्या लिखाणावर भोसरीच्या वाचकांचे आक्षेप थोडक्यात असे: 'यूसीपी ६००मुळे जगभर एलसीचा कायदा एक झाला, हे तुमचं वाक्य पुस्तकी आहे. आमच्या कास्टिंगचे कागद परदेशातल्या बँकेने पत्त्यातल्या फरकावरून नाकारले, तेही आठव्या दिवशी. पुढे तिथल्या कोर्टाने पैसेच रोखले. मग नियम एक असून उपयोग काय? आणि कन्फर्मेशन (दुसऱ्या बँकेचंही पैसे देण्याचं वचन) घ्या हा सल्ला बँकांच्याच फायद्याचा.'

सप्रेम नमस्कार.

पहिला आक्षेप मान्य. 'कायदा एक झाला' हे चूक, 'नियमावली एक झाली' असं लिहायला हवं होतं. फरक शब्दाचा नाही. तुमचे पैसे नेमके याच फटीत अडकलेले दिसतात.

यूसीपी ही पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची नियमावली. पहिली १९३३ची, सध्याची, म्हणजे यूसीपी ६००, १ जुलै २००७पासून लागू, कलमं ३९. ती कुठल्याही संसदेने केलेली नाही. एलसीच्या मजकुरात उल्लेख असेल तरच ती लागू होते. एलसी उघडताना बँक पाठवते त्या एमटी ७०० संदेशात हा उल्लेख ४०ई रकान्यात असतो. वाड्याच्या दारावरची पाटी वाड्यात शिरणाऱ्याला लागू, अख्ख्या पेठेला नाही, तसं हे. भारतात एलसीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२चा करार कायदा आणि न्यायालयांचे निवाडे यांवर काम चालतं. अमेरिकेत आहे, युनिफॉर्म कमर्शिअल कोडचं पाचवं प्रकरण. त्यात कागद तपासायला कामाच्या सात दिवसांपर्यंत मुदत, यूसीपीत पाच. तरी टक्कर होत नाही, कारण त्याच प्रकरणाचं ५-११६ कलम यूसीपीखाली काढलेल्या एलसीत यूसीपीला वाट करून देतं. बँकांच्या टेबलावर कागद कसे तपासायचे, एवढ्यापुरती एकवाक्यता झाली ती अशी. कोर्टाने केव्हा हात घालायचा, यावर यूसीपी गप्प आहे. संयुक्त राष्ट्रांचा १९९५चा एक करार त्या दिशेने जातो, पण तो मुख्यतः गॅरंटी आणि स्टँडबाय (करार मोडला तरच वापरायच्या) एलसीसाठी आहे आणि भारत, ब्रिटन, चीन कोणीच त्यात नाही.

आता तुमचा 'आठवा दिवस'. इथे तुमचा हिशेब तपासून घ्या. कलम १४(ब)प्रमाणे मुदत बँकेच्या कामाच्या पाच दिवसांची, आणि मोजणी कागद पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सोमवारी कागद पोचले, शनिवार-रविवार सुट्टी, तर मंगळवार ते शुक्रवार चार दिवस झाले आणि पाचवा पुढचा सोमवार. पोचल्याचा सोमवार पहिला धरलात तर तो तुमचा आठवा दिवस! म्हणजे नकार मुदतीत आला असू शकतो. 'पोचले' म्हणजे त्या बँकेच्या काउंटरवर पोचले. पुण्यातून कुरिअर निघाल्याची तारीख इथे कामाची नाही. पुण्यातल्या नॉमिनेटेड बँकेचे (एलसीत कागद घ्यायला नेमलेल्या) पाच दिवस वेगळे, परदेशातल्या इश्युइंग बँकेचे (एलसी उघडणाऱ्या) वेगळे. ज्या गावी तपासणी, त्या गावची सुट्टी धरायची. आपल्याकडे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या शनिवारी बँका उघड्या असतात, म्हणून तोच हिशेब पुण्यात कधी शनिवारीच संपतो. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यात ईद आली तर मुदत आणखी लांबते.

नकार खरोखर उशिरा आला असेल तर मात्र तुमची बाजू भक्कम आहे. कलम १६प्रमाणे नकार एकाच सूचनेत, सगळ्या डिस्क्रेपन्सी (एलसीशी न जुळणाऱ्या बाबी) मांडून आणि कागदांचं काय करणार हे सांगून द्यावा लागतो. नकाराच्या एमटी ७३४ संदेशात ७७जे रकान्यात डिस्क्रेपन्सी आणि ७७बीमध्ये कागदांची विल्हेवाट असते. यातलं काही चुकलं तर कागद अटींप्रमाणे नव्हते असं म्हणायचा बँकेचा हक्कच जातो. आज दोन डिस्क्रेपन्सी, परवा तिसरी, असं चालत नाही.

पत्त्याबद्दल तुम्ही एक महत्त्वाची गोष्ट सांगितलेली नाही: फरक कुठल्या कागदावर होता? इन्व्हॉइसवर किंवा पॅकिंग लिस्टवर तुमचा किंवा खरेदीदाराचा पत्ता एलसीपेक्षा वेगळा असला तरी चालतो, देश तोच हवा. फोन, ईमेल यांतला फरक सोडून द्यायचा. पण खरेदीदाराचा पत्ता बीएलवर (जहाजाच्या मालपावतीवर) कन्साइनी (माल ज्याच्या नावे) किंवा नोटिफाय पार्टीच्या (माल आल्याचं ज्याला कळवायचं) चौकटीत असेल तर तो एलसीत आहे तस्साच हवा. कलम १४(ज)मध्ये ही सूट आणि हा अपवाद एकत्र आहेत. सूट सगळ्यांना पाठ असते, अपवाद नाही. सीएचएने (कस्टम्सच्या एजंटने) बीएलचा ड्राफ्ट पाठवला की एलसी समोर ठेवून आधी या दोन चौकटी वाचाव्यात. कास्टिंगवाल्यांनी पार्ट नंबरही. 'मशीन'च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं तर आयएसबीपीप्रमाणे (कागद तपासण्याची चेंबरचीच मार्गदर्शिका) ती डिस्क्रेपन्सी नाही, पण मॉडेल ३२१च्या जागी १२३ पडलं तर आहे. नगांचंही तसंच. ५० टन हळदीत पाच टक्के इकडेतिकडे चालतं, एकूण रक्कम ओलांडली नाही म्हणजे झालं; एलसीत '५०० नग' म्हटलं असेल तर ५०१ चालत नाही.

राहिलं कोर्ट. देश कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि सगळं त्यावरच आहे.

फसवणूक असेल तर पैसे थांबवता येतात, हे जवळपास सगळीकडे मान्य. वाद पुढे आहे. १९८२ साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आलेल्या प्रकरणात माल १६ डिसेंबर १९७६ला चढला होता. एलसीची शेवटची तारीख १५ डिसेंबर, म्हणून लोडिंग ब्रोकरने बीएलवर १५ तारीख घातली. विक्रेत्याला याचा पत्ता नव्हता. निकाल: लबाडी विक्रेत्याची नाही, सबब बँकेने पैसे द्यावेत. पण कागद पूर्ण बनावट असेल आणि विक्रेता निर्दोष असेल तर? इंग्लंडच्या अपील कोर्टाने २००१मध्ये 'बनावट कागद' असा वेगळा अपवाद मानायला नकार दिला. सिंगापूरच्या अपील कोर्टाने २००२मध्ये, अस्तित्वातच नसलेल्या फॉरवर्डरच्या (माल पाठवणाऱ्या एजंटच्या) नावाच्या एअर वेबिलवरून (विमानाच्या मालपावतीवरून), तो मानला. यूसीपी तीच, कायद्याची परंपराही इंग्रजीच, उत्तरं मात्र उलटी. भारतात सर्वोच्च न्यायालयाची पट्टी कडक आहे: ढळढळीत, सिद्ध होण्याजोगी फसवणूक किंवा भरून न निघणारा अन्याय. खरेदीदार आणि विक्रेत्याचं मालावरून भांडण आहे, एवढ्यावर मनाई हुकूम मिळत नाही. चीनच्या सर्वोच्च लोक न्यायालयाने १ जानेवारी २००६पासून लागू केलेल्या नियमांत पैसे रोखता येतात, पण नॉमिनेटेड किंवा कन्फर्मिंग बँकेने सद्भावनेने आधीच पैसे दिले असतील तर नाही.

या शेवटच्या वाक्यात तुमच्या कन्फर्मेशनच्या आक्षेपाचं उत्तर आहे. फायदा बँकांचा होतो, खरंच. फुकट जोखीम कोण घेतं? पण कन्फर्मिंग बँकेचं वचन कलम ८प्रमाणे स्वतंत्र असतं. ती मुंबईतली असेल तर परदेशी कोर्टाचा इश्युइंग बँकेवरचा हुकूम तुम्हाला सहसा शिवत नाही, त्या हुकुमाचं ओझं दोन बँकांमध्ये राहतं. कायदाही बहुधा ती जिथे पैसे देते तिथला लागतो. नव्वदच्या दशकात बँक ऑफ बडोदा आणि वैश्य बँक, दोन्ही आपल्याच बँका, लंडनच्या कोर्टात भांडल्या. कन्फर्मेशन लंडनमध्ये झालं होतं म्हणून इंग्रजी कायदा लागला. पूर्वी यातही भोक होतं. १८० दिवसांनी पैसे द्यायच्या डिफर्ड पेमेंट एलसीत सांतांदेर बँकेने कन्फर्म करून मुदतीआधीच डिस्काउंटने (काही रक्कम कापून) पैसे दिले, मग लबाडी उघडी पडली आणि २००० साली इंग्लंडच्या अपील कोर्टाने नुकसान तिच्याच माथी मारलं. यूसीपी ६००च्या कलम १२(ब)ने मुदतीआधी पैसे देण्याचा अधिकार नॉमिनेटेड बँकेला दिला, तो त्यानंतर. तेव्हा यूज़न्स (मुदतीने पैसे मिळणारी) एलसी असेल तर कन्फर्म करून थांबू नका, लगेच डिस्काउंटही करून घ्या. मात्र कागद चुकले तर कन्फर्मेशन वाचवत नाही. पत्त्याचा घोळ होता तो तसाच राहिला असता.

पुढच्या वेळी एलसी उघडण्याआधी खरेदीदाराकडून ड्राफ्ट मागवा. नंतरच्या अमेंडमेंटला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात. एलसीच्या ३१डी रकान्यामध्ये मुदत संपण्याचं ठिकाण भारत हवं. तिकडचं असेल तर कुरिअरचा उशीर तुमच्या माथी. ४९मध्ये 'विदाउट' असेल तर खरं कन्फर्मेशन मिळणार नाही. सायलेंट कन्फर्मेशन म्हणजे तुमचा आणि तुमच्या बँकेचा खासगी करार, यूसीपीतलं नव्हे. ७१डीमध्ये चार्जेस कोणाचे ते पाहा. ४६एमध्ये खरेदीदाराच्या सहीचं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट मागितलं असेल तर सरळ नकार द्या, कारण तिथे तुमचे पैसे त्याच्या पेनात अडकतात.

चालू प्रकरणात बँकेकडून एमटी ७३४ची प्रत आणि कागद तिकडे पोचल्याची कुरिअरची पावती मागवा. दोन्ही तारखा आणि ७७जेचा मजकूर इथे लिहा, नावं झाकून चालतील. मनाई हुकूम नकाराआधीचा की नंतरचा, तेही लिहा. नकार उशिराचा असेल आणि कोर्टाला ते कोणी सांगितलंच नसेल, तर तिकडच्या वकिलाने सुरुवात तिथूनच करावी.