‘लेसर करूनही मांडी दुखते, गाठी तशाच’ या दोन स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय सबंध वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘टाके नाहीत, त्याच दिवशी चालत घरी’ असं ऐकून तुम्ही पायाच्या फुगलेल्या नसांचं लेसर करून घेतलंत. आठव्या दिवशी मांडीत आतून ओढ लागून दुखायला लागलं, मांडी काळीनिळी पडली, पोटरीवरच्या गाठी होत्या तिथेच आहेत. फोन केला तर ‘चालत राहा’ म्हणून सांगितलं. आता गाठींसाठी वेगळ्या इंजेक्शनची गोष्ट निघाली, आणि मेव्हण्याचं पुण्यात निम्म्या पैशात झालं. तुमच्या फाइलमधलं मी इथे चारचौघांत काही लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे मांडलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी दुखण्याचं. घोट्यापासून मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत एक लांब शीर वर जाते. तिच्यात जागोजागी झडपा असतात. विहिरीवरच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की चढलेलं पाणी परत खाली उतरतं, तसं या झडपा निकामी झाल्या की रक्त उलटं पायात उतरतं आणि पोटरीवर गाठी फुगतात. लेसरमध्ये आम्ही ती शीर काढत नाही. सुईच्या भोकातून फायबर, म्हणजे लेसरचा प्रकाश नेणारी बारीक तार, आत घालतो, जांघेच्या थोडं अलीकडे थांबतो आणि मागे ओढत ओढत शीर आतून भाजून बंद करतो. पायातलं बहुतेक रक्त खोलातल्या शिरांतूनच वर जात असल्यामुळे ही एक बंद झाल्याने काही अडत नाही.

पण भाजलेली शीर आत तशीच असते. ती सुजते, जाड होते, आक्रसते आणि पुढच्या काही महिन्यांत शरीर तिला जिरवतं. ही आक्रसण्याची ओढ पहिल्या दिवशी नसते. ती साधारण आठवड्याच्या सुमारास जास्तीत जास्त जाणवते, विशेषतः पाय सरळ ताणताना किंवा उकिडवं बसून उठताना. म्हणून पहिले चार दिवस मजेत गेलेला पेशंट आठव्या दिवशी घाबरतो. तुम्ही घाबरलात यात नवल नाही. मात्र हे दुखणं बिघडलेल्या लेसरचं नव्हे, बंद झालेल्या शिरेचं आहे. काळेनिळे डाग बरेचसे भुलेच्या टोचण्यांचे. लेसर सुरू करण्याआधी शिरेभोवती सलाइनमधून भुलेचं औषध ठिकठिकाणी टोचून भरावं लागतं, म्हणजे उष्णता कातडीपर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोचत नाही. तेवढा वेळ मांडी टणक लागते. सगळ्या उपचारात पेशंटला सर्वांत नकोसं होतं ते हेच टोचणं.

‘चालत राहा’ हे कुणी टाळण्यासाठी सांगत नाही. चालताना पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो, आणि खोलातल्या शिरेत गुठळी होण्याची भीती असते ती बसून राहिल्याने वाढते. फोनवर आमची माणसं आधी विचारतात: पोटरी एकदम सुजली का, दम लागतो का, छातीत दुखतं का. यातल्या एकालाही ‘हो’ आलं तर त्याच दिवशी बोलावतो, रात्र असली तरी. मांडीतली ओढ त्यात मोडत नाही. इचलकरंजीत काम करायचं तर आणखी एक सांगावंच लागतं: मागावर बारा तास एका जागी उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. टेबलावर काम करणारा दोन दिवसांत कामाला लागतो, मागावरच्या माणसाला मी तसं कधीच सांगत नाही.

गाठींचं. मुख्य शीर बंद झाली की वरून येणारा दाब सुटतो आणि बऱ्याच गाठी आपोआप बसतात. ज्या उरतात त्यांना फोमचं इंजेक्शन, म्हणजे औषधाचा फेस आत सोडून ती गाठ बंद करणं. काही सर्जन हे सगळं एकाच बैठकीत उरकतात, तेही योग्यच आहे. मी थांबणाऱ्यांतला. दीड-दोन महिन्यांनी जी गाठ स्वतःहून गेली असती तिच्यावर आज पेशंटचे पैसे का घालवू? फोमनंतर कातडीवर तपकिरी डाग काही महिने राहू शकतो, तेही गाठ खरंच उरली असेल तरच सोसावं.

पैशांचं थोडक्यात. एक पाय की दोन, फोम धरून की वगळून, यावर आकडा बदलतो. मेव्हण्याच्या बिलात काय होतं ते मला ठाऊक नाही. फायबर एकदाच वापरायचं असतं. आम्ही पाकीट पेशंटसमोर फोडतो आणि त्याचा स्टिकर केसपेपरवर चिकटवतो. उपचार कुठेही घ्या, हा स्टिकर मागा. स्वस्त-महाग ठरवण्याआधी एवढं पाहिलेलं बरं. कॅशलेस नाकारलं गेलं असं तुम्ही लिहिलंत; बऱ्याच पॉलिसींत या आजाराला पहिली २ वर्षं थांबावं लागतं, ते कलम विमा कंपनीचं आहे.

पाय आवळून धरणारे मोजे आम्ही ‘गळ्यात मारले’ असं तुम्ही लिहिलंत, ते मात्र पटलं नाही. माप आम्ही घेतो, मोजे कुठल्याही दुकानातून आणा. उन्हाळ्यात ते घालणं जिवावर येतं हे मला कळतं, म्हणूनच आम्ही आठवडाभरच सांगतो. कुठला उपचार कधी करावा याच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या सूचनाही उपचारानंतर ७ दिवसांपेक्षा जास्त नको म्हणतात. त्याच सूचनांत नुसत्या मोज्यांच्या आधी उष्णतेने शीर बंद करण्याचा उपचार सुचवलेला आहे, त्यामुळे ‘मोज्यांवरच भागलं असतं’ हा शेजाऱ्यांचा सल्ला मला मान्य नाही.

अभिप्राय काढून टाका असं मी म्हणणार नाही. ओढ तीन आठवड्यांनंतरही कमी झाली नाही किंवा मांडीवर लाल, गरम पट्टा दिसला तर फोन न करता सरळ या. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर डॉपलरचे (शिरांतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीचे) रिपोर्ट काउंटरवर मागा, लगेच मिळतील. आमच्याकडे याल तेव्हा दुपारनंतर या आणि सैल पँट घाला. तपासणी उभ्यानेच करायची असते, आणि दिवसभर पायावर राहिल्यावर उलटं उतरणारं रक्त जास्त नीट दिसतं.